नको, नाही, नव्हे : इंग्रजीतल्या नकारांविषयी वाचकांच्या शंका

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच कुळातल्या इंग्रजी शब्दांविषयी आहेत. ती सुटी सुटी छापण्याऐवजी या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : लंडनला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मुलीच्या लग्नाचे निमंत्रण धाडले होते. प्रकृतीच्या कारणाने जाणे होणार नव्हते, म्हणून मी 'आय रिफ्यूज युअर इन्व्हिटेशन' असे लिहून मनापासून शुभेच्छा दिल्या. त्यानंतर त्यांचे पत्र नाही की फोन नाही. मुलाला मजकूर दाखवला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. माझ्याकडच्या शब्दकोशात 'रिफ्यूज', 'रिजेक्ट', 'डिक्लाइन' आणि 'डिनाय' या चारही शब्दांपुढे 'नाकारणे' असेच लिहिले आहे. मग माझे चुकले कोठे? — एक निवृत्त अभियंता, सांगली

उत्तर : चिरंजीवांनी कपाळाला हात लावला ते योग्यच झाले, पण दोष एकट्या आपला नाही. 'नाकारणे' हे मराठी क्रियापद इतके ऐसपैस आहे की निमंत्रण, आरोप, कर्ज, वारसा आणि पंगतीतली जिलबी या सगळ्यांना ते सारखेच चालते. इंग्रजीत इतके ऐसपैस क्रियापद नाही. समोर काय आले आहे आणि ते कोणत्या नात्याने आले आहे, हे पाहून तेथे नकाराचा शब्द ठरतो.

म्हणून मराठीला हा भेद ठाऊकच नाही असे मात्र कोणी समजू नये. इंग्रजीने तो निरनिराळ्या क्रियापदांत ठेवला आहे आणि आपण तो 'नको', 'नाही' आणि 'नव्हे' या तीन लहान शब्दांत ठेवला आहे. हे शब्द आपण दिवसभर वापरतो आणि त्यांची गल्लत शाळेत न गेलेला माणूसही करत नाही. वाढप्याने जिलबीचे ताट पुढे केले तर आपण 'नको' म्हणतो. 'काल तुम्ही बँकेत आला होता का?' या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येते, तेथे 'नको' म्हणणाऱ्याकडे लोक वळून पाहतील. कोपऱ्यात राहिलेली छत्री उचलून कोणी 'ही तुमची का?' असे विचारले तर आपण 'माझी नव्हे' म्हणतो, निदान आमच्या पिढीतले लोक तसे म्हणत. इंग्रजी शब्द निवडण्यापूर्वी तोच नकार एकदा घरच्या मराठीत उच्चारून पाहावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. निम्मे काम तेथेच होते.

'डिक्लाइन' हा देऊ केलेल्या गोष्टीला म्हटलेला 'नको' आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'वाकून बाजूला होणे' असा असून 'इन्क्लाइन' आणि 'रिक्लाइन' हे त्याचेच भाऊबंद आहेत. पानावर हात आडवा धरून, जरासे मागे सरकून, हसत 'पुरे' म्हणणारा पाहुणा डोळ्यांपुढे आणला की हा शब्द कायमचा लक्षात राहतो. देणाऱ्याचा मान त्यात सांभाळला जातो. निमंत्रण, पद, पुरस्कार आणि मदत यांच्यासाठी हाच शब्द. दुकानातल्या यंत्रावर आपले कार्ड 'डिक्लाइन्ड' होते तेव्हाही बँकेने हेच सौजन्य पाळलेले असते, मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांना ते जाणवत नाही एवढेच.

'रिफ्यूज' म्हणजे 'देणार नाही', 'करणार नाही', 'येणार नाही'. येथे समोर देणगी नसते, मागणी किंवा अपेक्षा असते आणि नकार देणारा तिच्यासमोर पाय रोवून उभा असतो. साक्षीदार उत्तर देण्यास 'रिफ्यूज' करतो, कामगार जादा पाळीस 'रिफ्यूज' करतात. घोड्यांच्या उडीच्या स्पर्धेत घोडा अडथळ्यापाशी येऊन थबकला आणि उडी घेईनासा झाला, तर त्यालाही 'रिफ्यूजल' म्हणतात आणि त्याबद्दल दंडाचे गुण धरले जातात. आपल्या पत्रातून तो घोडा लंडनला पोहोचला. यजमानांनी आपल्याला हौसेने बोलावले होते आणि त्यांनी वाचले ते असे की, जणू आपल्यावर काही लादले जात होते आणि आपण ते साफ धुडकावले.

'रिजेक्ट' यांपेक्षा निराळा आहे. याचा धात्वर्थ 'परत फेकणे' असा आहे. परत फेकण्यापूर्वी वस्तू हातात घेतलेली असते, पाहिलेली असते, एखाद्या मापाला लावलेली असते आणि ती त्या मापाला उतरलेली नसते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत 'आज रिजेक्शन किती आलं?' असे विचारतात. तेथील कामगाराने हा शब्द शब्दकोशातून घेतलेला नाही आणि म्हणूनच तो अचूक वापरतो. मोजमाप करून बाजूला काढलेला माल तो 'रिजेक्ट'. संपादकाने परत केलेली कथा, छाननीत बाद झालेला उमेदवारी अर्ज, शरीराने न स्वीकारलेले दुसऱ्याचे मूत्रपिंड हे सगळे 'रिजेक्ट'. शरीर मूत्रपिंडाला 'रिफ्यूज' करत नाही. ते त्याला ओळखते, परके ठरवते आणि मग त्याच्यावर तुटून पडते.

'डिनाय' हा बोललेल्या गोष्टीला दिलेला 'नाही' आहे. त्याविषयी पुढे एका पत्राच्या निमित्ताने अधिक लिहिले आहे.

व्याकरणाची एक खूण येथेच सांगून ठेवतो, कारण परीक्षेत ती विचारतात. 'रिफ्यूज' आणि 'डिक्लाइन' यांच्यापुढे 'टू' लावून क्रिया येते, म्हणजे 'रिफ्यूज्ड टू साइन', 'डिक्लाइन्ड टू कॉमेंट'. 'रिजेक्ट'पुढे अशी क्रिया कधीच येत नाही, त्याला नामच लागते. 'डिनाय'पुढे 'इंग' लावलेले रूप येते, जसे 'डिनाइड टेकिंग द मनी'. 'ही डिनाइड टू टेक द मनी' असे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. पैसे घेतले नाहीत असे म्हणायचे आहे की पैसे घेणार नाही असे म्हणायचे आहे, हे त्यातून कळायला मार्ग नसतो.

आता आपल्या सहकाऱ्यांविषयी. त्यांना दोन ओळी पुन्हा लिहाव्यात. त्यांत 'डिक्लाइन'सुद्धा वापरण्याची गरज नाही. प्रकृतीमुळे येता आले नाही, याचे वाईट वाटते आणि इंग्रजी शब्द चुकला, एवढे सरळ लिहिले तरी पुरे.

प्रश्न : 'पुरस्कार आणि स्वाभिमान' या विषयावरील इंग्रजी निबंधात मी गोखले, टागोर आणि सार्त्र या तिघांनीही आपापले सन्मान 'रिजेक्ट' केले असे लिहिले. शिक्षकांनी तिन्ही ठिकाणी लाल रेघ मारली, पण योग्य शब्द सांगितला नाही. — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तिन्ही रेघा बरोबर आहेत, आणि तिघांसाठी मिळून एकच शब्द नाही, म्हणून ही उदाहरणे शिकायला फार चांगली आहेत.

नामदार गोखले यांना सरकारने १९१४ साली 'के. सी. आय. ई.' हा किताब देऊ केला, त्यांनी तो घेतला नाही. किताब त्यांच्यापर्यंत आला आणि दारातूनच माघारी गेला. हे 'डिक्लाइन' होय. फ्रेंच लेखक व तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांचेही तसेच आहे. १९६४ चे साहित्याचे नोबेल त्यांना जाहीर झाले, आणि आपण अधिकृत सन्मान घेत नाही ही भूमिका त्यांनी आधीपासून घेतलेली होती. नोबेलच्या अधिकृत नोंदीत त्यांच्यापुढे 'डिक्लाइन्ड' असेच लिहिले आहे. त्यांनी पुरस्काराची गुणवत्ता तपासून त्याला नापास केले नव्हते, त्यामुळे 'रिजेक्ट' तेथे बसत नाही. नोबेलच्या नोंदीत १९५८ साठी सोव्हिएत रशियातले लेखक बोरिस पास्तरनाक यांच्यापुढेही हाच शब्द आहे. मात्र त्यांनी आधी पुरस्कार स्वीकारला होता आणि मग त्यांच्या देशातल्या सत्ताधाऱ्यांनी त्यांना तो सोडायला लावला. शब्द सौम्य आहे, परिस्थिती मुळीच सौम्य नव्हती.

रवींद्रनाथ टागोरांची गोष्ट वेगळी आहे. 'सर' हा किताब त्यांना १९१५ साली मिळाला होता आणि त्यांनी तो घेतला होता. जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर मे १९१९ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून तो आपल्या अंगावरून उतरवावा असे कळवले. जे आपल्यापाशी आहे, जे आपण एकदा स्वीकारले आहे, ते जाहीरपणे सोडून देण्याला 'रिनाउन्स' म्हणतात. या शब्दात लॅटिनमधला दूत दडलेला आहे. 'अनाउन्स', 'प्रोनाउन्स' आणि 'डिनाउन्स' यांतही तोच आहे. म्हणजे 'रिनाउन्स' करताना नुसते सोडून चालत नाही, चारचौघांत तसे सांगावे लागते. ब्रिटनचे राजे आठवे एडवर्ड यांनी डिसेंबर १९३६ मध्ये सिंहासन सोडताना ज्या कागदावर सही केली, त्यात हाच शब्द आहे. गांधीजींनी ऑगस्ट १९२० मध्ये 'कैसर-ए-हिंद' हे पदक सरकारकडे परत पाठवले. पदक ही हातात धरण्याजोगी वस्तू असल्यामुळे त्याला साधा 'रिटर्न्ड' हा शब्दच शोभतो. साधा शब्द पुरत असेल तर भारी शब्द वापरू नये, हे निबंधाच्या वहीत लिहून ठेवावे.

'रिनाउन्स'साठी मराठीत 'त्याग' हा शब्द आहेच, पण त्याला चंदनाचा वास येतो. इंग्रजी शब्द कचेरीतही चालतो. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ८ मध्ये भारतीय नागरिकत्व घोषणापत्र देऊन सोडण्याची तरतूद आहे आणि तिचे नाव 'रिनन्सिएशन' असे आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा शब्द कागदोपत्री भेटतो, पण त्यांच्या बाबतीत खरे तर कलम ९ आधीच लागू झालेले असते. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, त्यासाठी वेगळी घोषणा करावी लागत नाही.

हक्क सोडण्यासाठी मात्र आपल्याकडचे शब्द इंग्रजीच्या तोडीस तोड आहेत. बहिणी भावाच्या नावे लिहून देतात ते हक्कसोडपत्र, आणि त्यातली क्रिया 'रिलिंक्विश'. ज्याच्यावर आपला हक्क आहे ते यावेळेपुरते किंवा या माणसापुरते घेत नाही असे म्हणणे ते 'वेव्ह', ज्यावरून कर्जमाफीला इंग्रजी वर्तमानपत्रे 'लोन वेव्हर' म्हणतात. 'पाणी सोडणे' आणि 'तुळशीपत्र ठेवणे' यांना इंग्रजीत जोड शोधत बसू नये, ती सापडणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. तिने व्हिसाविषयक एका अर्जाबद्दल कळवताना 'डिनाय झाला नाही, रिजेक्ट झाला आहे, काळजी करू नका' असे लिहिले. आम्ही दोघे रात्रभर जागे. यात काळजी न करण्यासारखे काय आहे? — एक आई, नाशिक

उत्तर : मुलीने शब्द नेमके वापरले आहेत. अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेच्या भाषेत अर्जावर सही नसली, शुल्क चुकीचे भरले किंवा अर्जाची जुनी आवृत्ती वापरली, तर तो विचारात न घेताच शुल्कासह परत पाठवतात. याला तेथे 'रिजेक्ट' म्हणतात. अर्ज अजून दाराच्या आत गेलेलाच नसतो, त्यामुळे चूक दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. अर्जात उशीर चालण्यासारखा नसेल तर मात्र जपावे, कारण परत आलेल्या अर्जाची तारीख गृहीत धरत नाहीत. अर्ज वाचून, पुरावे पाहून निर्णय विरुद्ध गेला, तर ते 'डिनाय' होय, आणि तेव्हा शुल्कही परत मिळत नाही.

वर 'रिजेक्ट'मध्ये तपासणी असते असे मी म्हटले आणि येथे उलटे दिसते, असा आक्षेप कोणी चाणाक्ष वाचक घेईल. तपासणी येथेही आहे, पण ती फक्त अर्जाच्या बाह्यरूपाची आहे. कचेऱ्यांना सर्वसाधारण शब्द घेऊन त्यांना आपल्यापुरता बंदिस्त अर्थ देण्याची सवय असते आणि तशा ठिकाणी शब्दकोशापेक्षा त्या कचेरीची सूचनापत्रिका अधिक कामाची.

आपल्या न्यायालयांतही असेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या आदेशात वादपत्र 'परत करणे' नियम १० मध्ये आहे आणि 'रिजेक्ट' करणे नियम ११ मध्ये आहे. चुकीच्या न्यायालयात आणलेले वादपत्र योग्य न्यायालयात नेण्यासाठी परत मिळते. ज्यातून दाव्याचे कारणच उभे राहत नाही असे वादपत्र 'रिजेक्ट' होते, आणि नियम १३ प्रमाणे तेवढ्यामुळे नवे वादपत्र आणण्याचा मार्ग बंद होत नाही. दावा चालून वादी हरला तर दावा 'डिस्मिस' होतो. आपली वर्तमानपत्रे शेवटच्या दोन्ही प्रसंगांना 'दावा फेटाळला' असेच छापतात, आणि ज्याच्यावर ती वेळ आलेली असते त्याला त्यातला फरक वकिलाकडे गेल्यावर कळतो.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर आयुर्विम्याच्या दाव्यासाठी अर्ज केला. कंपनीच्या पत्रात दावा 'रिप्युडिएट' करण्यात येत आहे असे लिहिले आहे. 'रिजेक्ट' न लिहिता हा शब्द का वापरला असावा? — एक वाचक, अकोला

उत्तर : प्रसंग दुःखाचा आहे आणि पत्राचा सूर त्याला साजेसा नाही, पण शब्द मुद्दाम निवडलेला आहे. 'रिप्युडिएट' हा ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ विवाहसंबंध तोडणे असा होता. मराठीत त्याला 'काडीमोड' हा जसाच्या तसा जोडीदार आहे. काडी मोडून नाते संपल्याची खूण करायची आणि त्या नात्यातून येणारी जबाबदारी यापुढे आपली नाही असे सांगायचे. 'रिप्युडिएट' करणारा वस्तू परत करत नाही, तो बंधन झटकतो. त्याचे मराठी 'नाही' नसून 'नव्हे' आहे : हे देणे आमचे नव्हे.

याचे इतिहासातले ठळक उदाहरण सोव्हिएत रशियाचे आहे. झारच्या सरकारने काढलेली परदेशी कर्जे नव्या सरकारने १९१८ साली 'रिप्युडिएट' केली. पैसे नाहीत म्हणून हप्ता चुकवणे याला 'डिफॉल्ट' म्हणतात, आणि त्यात कर्ज आपले असल्याची कबुली असते. तेथे मुळात कर्जच आपले मानले गेले नाही.

म्हणून कंपनीच्या पत्राचा अर्थ असा होतो की, कागदपत्रे अपुरी आहेत एवढाच तिचा आक्षेप नाही, या दाव्याची जबाबदारीच आपल्यावर येत नाही असे ती म्हणते आहे. असे म्हणण्यासाठी तिला कारण द्यावे लागते. हे सदर कायद्याचे नाही, तरी विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ कडे आपण लक्ष द्यावे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, पॉलिसी सुरू होऊन किंवा तिचे पुनरुज्जीवन होऊन तीन वर्षे झाल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही, आणि त्याआधी माहिती दडवल्याचा किंवा फसवणुकीचा आक्षेप घ्यायचा झाला तर त्याची कारणे लेखी कळवावी लागतात. आपल्या पत्रात पॉलिसीची तारीख नाही. ती पाहावी, कारणे लेखी मागावीत आणि उत्तर समाधानकारक नसेल तर विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीला लिहिताना तिचा शब्द तिच्यावर उलटवण्याचा मोह टाळावा. आपल्याला पैसे हवे आहेत, काडीमोड नको आहे.

प्रश्न : मी एका दैनिकात उपसंपादक आहे. इंग्रजी बातमीत 'द मिनिस्टर रिफ्यूटेड द चार्जेस' असे आले की आम्ही 'मंत्र्यांनी आरोपांचे खंडन केले' असे छापतो. आमच्या एका ज्येष्ठांनी यावर हरकत घेतली. त्यांचे बरोबर आहे का? — एक उपसंपादक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : भाषांतर बरोबर आहे आणि मूळ वाक्य बहुधा चुकीचे आहे. आपल्या ज्येष्ठांनी दोन्हींवर एकदम बोट ठेवले.

'डिनाय' म्हणजे 'तसे नाही' असे म्हणणे. त्यासाठी फक्त तोंड उघडावे लागते. 'रिफ्यूट' म्हणजे ते तसे नाही हे सिद्ध करून दाखवणे. त्यासाठी कागद, साक्षी, हिशेब लागतात. आरोप होऊन अर्धा तास झालेला नसताना, गाडीत बसता बसता मंत्रिमहोदय जे बोलतात ते 'रिफ्यूट' असणे जवळजवळ अशक्य असते. अलीकडचे इंग्रजी कोश 'रिफ्यूट'चा 'जोरात नाकारणे' हा सैल अर्थही नोंदवतात, कारण लोक तसे वापरतात आणि नोंद करणे हे कोशाचे कामच आहे. पण जपून लिहिणारी वृत्तपत्रे हा अर्थ अजून टाळतात, आणि त्याला व्याकरणापलीकडचे कारण आहे. 'रिफ्यूटेड' असे छापणारा बातमीदार नकळत निकाल देऊन मोकळा होतो.

मराठीतही नेमकी हीच घसरण झाली आहे. 'खंड' म्हणजे तुकडा. खंडन म्हणजे प्रतिपक्षाच्या म्हणण्याचे तुकडे करणे. शास्त्रार्थात खंडन-मंडन चालत असे, तेव्हा खंडन करणाऱ्याला घाम गाळावा लागे. आज वर्तमानपत्रांत ते एका वाक्यात उरकते. त्याला 'इन्कार' हा शब्द तयार आहे. अरबीतून आलेला हा शब्द मराठीत 'डिनाय'चे काम चोख बजावतो, आणि त्यात कोणाची बाजू खरी याचा निवाडा नसतो. 'मंत्र्यांनी आरोपांचा इन्कार केला' असे छापावे.

या दोहोंच्या मध्ये 'रिबट' आहे. समोरच्याच्या पुराव्याला उलट पुरावा देणे, असा त्याचा अर्थ. तो दिला म्हणजे जिंकलेच असे नाही. धनादेश परत आल्याच्या खटल्यात पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३९ प्रमाणे धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. ते गृहीत 'रिबट' करता येते, नुसते 'डिनाय' करून भागत नाही.

खुद्द 'डिनाय'सुद्धा वाटते तेवढे स्वस्त नाही. ज्यांनी दिवाणी दाव्याची कैफियत वाचली असेल त्यांना 'मजकूर खोटा व खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही' ही धून पाठ असेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशाला मात्र असा सरसकट नन्नाचा पाढा मान्य नाही. प्रत्येक विधान वेगवेगळे नाकबूल करावे लागते आणि जे नेमकेपणाने नाकबूल केले नाही ते कबूल धरले जाऊ शकते. तेथेच एक फार सुंदर दृष्टान्त दिलेला आहे. प्रतिवादीने अमुक रक्कम घेतली असे वादीचे म्हणणे असेल, तर 'ती रक्कम मी घेतली नाही' एवढे म्हणणे पुरेसे नाही, ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही असे म्हणावे लागते. हजार रुपयांचा आरोप असताना नऊशे घेणारा माणूसही 'मी हजार घेतले नाहीत' असे शपथेवर सांगू शकतो. राजकीय इन्कारांची बातमी लिहिताना हा दृष्टान्त टेबलाच्या काचेखाली असावा.

'डिनाय'ला आणखी एक तोंड आहे. 'शी वॉज डिनाइड एन्ट्री' यात कोणी काही बोललेले नसते, तिला आत जाऊ दिलेले नसते. तेथे 'रिफ्यूज्ड' चालते. पण 'डिनाइड' लिहिले तर ते तिला मिळायला हवे होते, तिचा तो हक्क होता, अशी सूचना वाक्यात येते. म्हणून मानवाधिकारांच्या अहवालांत 'डिनाय' अधिक दिसतो आणि पारपत्र कचेरीच्या पत्रांत 'रिफ्यूज' अधिक दिसतो.

प्रश्न : मतदान यंत्रावरील 'नोटा'ला काही वृत्तपत्रे 'नकाराधिकार' म्हणतात आणि सुरक्षा परिषदेतल्या 'व्हेटो'लाही 'नकाराधिकार'च म्हणतात. दोन्ही एकच आहेत का? — एक वाचक, लातूर

उत्तर : नाहीत, आणि हा मराठीने स्वतःवर ओढवून घेतलेला घोळ आहे. 'व्हेटो' या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'मी मना करतो' असा आहे. सुरक्षा परिषदेच्या पाच स्थायी सदस्यांपैकी एकाने तो वापरला की बाकी सगळ्यांचे हात वर असले तरी ठराव पडतो. 'नकाराधिकार' हा शब्द येथे शोभतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालामुळे आलेला 'नोटा' मात्र 'वरीलपैकी कोणीही नाही' एवढेच सांगतो. त्याने कोणी पडत नाही. आपल्याच जिल्ह्यात, लातूर ग्रामीण मतदारसंघात, २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत 'नोटा'ला २७ हजारांहून अधिक मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला होता. तो पहिला आला असता, तरी उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते तोच आमदार झाला असता. लोक ज्याला 'राइट टू रिजेक्ट' म्हणतात, ते 'नोटा' नव्हे. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता निराळा आदेश काढला आणि 'नोटा' सर्वांत पुढे असल्यास फेरनिवडणूक घ्यावी असे ठरवले. तेवढ्या क्षेत्रात 'नोटा'ला 'रिजेक्ट'चे थोडे बळ आले.

जाता जाता आणखी एक. राष्ट्रपती विधेयक 'रिजेक्ट' करतात असे लिहू नये. संविधानाच्या अनुच्छेद १११ मध्ये 'विथहोल्ड' हा शब्द आहे, म्हणजे अनुमती रोखून धरणे.

प्रश्न : 'स्पर्न' आणि 'रिबफ' यांत फरक काय? आणि 'रिफ्यूज'चा अर्थ केरकचरा असाही आहे, हे खरे का? — एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : 'स्पर्न' हे जुने इंग्रजी क्रियापद असून त्याचा एके काळचा अर्थ पायाने लोटणे, लाथ मारणे असा होता. मराठीत 'लाथाडणे' किंवा 'ठोकरणे' म्हटले की अर्थ, तिरस्कार आणि पाय असे तिन्ही त्यात येतात. 'रिबफ'मध्ये पाय नाही. पुढे केलेला मैत्रीचा हात तुटकपणे झिडकारला तर तो 'रिबफ' होतो, आणि ज्याच्या वाट्याला तो येतो त्याचा चेहरा पडतो.

केरकचऱ्याविषयी आपण ऐकले ते खरे आहे. तेव्हा तो नाम असतो, जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि उच्चार 'रेफ्यूस' असा होतो, शेवटी 'ज' नाही. क्रियापदात जोर दुसऱ्या अक्षरावर असतो. परदेशातल्या इमारतींच्या मागच्या बाजूला 'रेफ्यूस' अशी पाटी दिसली, तर तेथे कोणाला मज्जाव नसतो, कचऱ्याचे डबे असतात.